दोन दिवसांत लीडर बनवून मिळेल!

मंडळी, आयटीत पावसाळ्यासारखाच एक मोसम येतो. अप्रेझल उरकलं की एचआरची मेल येते, 'लीडरशिप वर्कशॉप'. लोणावळ्याकडचं एखादं रिसॉर्ट. डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्याच्या अंगावर पडायचं, रंगीत कागदांवर 'माझी मूल्यं' लिहायची, दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन घरी. सोमवारी बघावं तर मॅनेजर तसाच ओरडतोय आणि फ्रेशर तसाच गप्प.

ह्याला प्रशिक्षण म्हणू नका हो. ही सहल आहे. सहलीला माझा विरोध नाही, पण मग भजी खाऊ आणि परत येऊ.

असं म्हटलं की दुसरी पार्टी लगेच टाळ्या वाजवते, "बरोबर! लीडर जन्मावाच लागतो." हे तर त्याहून खोटं.

28 डिसेंबर 1978 ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं विमान चाकांच्या बिघाडापायी सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन अनुभवी. पण त्याचं सगळं लक्ष चाकांकडे. इंधन संपत आलंय हे फ्लाइट इंजिनिअर सांगत होता, पण ठणकावून नाही. इंधन संपलं, विमान पडलं, दहा माणसं गेली.

ह्यानंतर युनायटेडने काय केलं? वैमानिकांना नुसतं रिसॉर्टवर नेऊन सोडलं नाही. 1981 पासून सिम्युलेटरमध्येही बसवलं. अख्ख्या क्रूसमोर संकट उभं करायचं, त्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं आणि नंतर सगळ्यांनी मिळून ते बघायचं. कॅप्टनने विचारायला शिकायचं, ज्युनिअरने बोलायला. आणि हे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा.

1989 मध्ये ह्याच कंपनीच्या 232 क्रमांकाच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक्स हवेत निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतलं, प्रत्येकाचं ऐकलं आणि सू सिटीला विमान उतरवलं. 296 पैकी 184 जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर त्याचं श्रेय ह्या प्रशिक्षणाला देत राहिले. जन्मकुंडलीला नव्हे!

म्हणजे तीन गोष्टी लागतात: खरी वाटेल अशी अडचण, तोंडावर चूक दाखवणारं कुणीतरी, आणि पुन्हा संधी. आपल्याकडे काय असतं? "जबाबदारी तुझी, पण निर्णय मला विचारून." अशाने पोरगं मेल फॉरवर्ड करायला शिकेल, दुसरं काही नाही.

"क्लायंटच्या प्रॉडक्शनवर शिकाऊ माणूस कसा बसवणार?" बसवू नकाच. टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम बिघाड करा, दोन वर्षं अनुभवाच्या पोरीला कॉल चालवू द्या आणि सीनिअर लोकांनी तासभर तोंड बंद ठेवा. मग छोटा रिलीज तिच्या हाती द्या. काय चुकलं ते सगळ्यांसमोर बोला, पण अप्रेझलमध्ये वापरू नका. एकदा वापरलंत की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

"वेळ कुठाय?" अहो, रिसॉर्टचे दोन दिवस आहेत ना? तेच द्या. बसचं भाडंही वाचेल.

आणि आपण, पदाची वाट बघत बसलेले? पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअर माणसाला सगळ्यात आधी विचारा, "तुला काय दिसतंय?" त्याला प्रमोशन लागत नाही.