पोशाख झाला, पाण्याचं काय?

"मावशी, आज मी पाणी नाही पिणार गं," भाचीने सकाळीच जाहीर केलं आणि माझ्यातली फिजिओथेरपिस्ट जागी झाली. मणक्याच्या दुखापतीनंतर ही कॉलेजातली मुलगी व्हीलचेअर वापरते. त्या दिवशी तिचा पहिला कॉस्प्ले होता.

कॉस्प्ले म्हणजे कॉमिक्स, चित्रपट किंवा गेममधल्या पात्राचा वेश करून मेळाव्यात वावरणं. शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. हौस त्याहून जुनी. आपला बहुरूपी तर कधीचाच दारोदार फिरतोय. भाचीने मियाझाकींच्या १९८९च्या चित्रपटातली किकी ही छोटी चेटकीण निवडली. गडद सुती फ्रॉक, डोक्याला मोठा लाल बो, काळं कापडी मांजर आणि खुर्चीला बांधलेला झाडू. "व्हीलचेअरवरचंच एखादं पात्र घ्यायचं ना," असं सुचवणाऱ्यांना तिचं उत्तर ठरलेलं: "मला उडायचंय."

पहिला पोशाख असाच घरातल्या कपड्यांतून करावा. फोमच्या चिलखतासाठी वापरतात त्या उग्र वासाच्या गोंदाने बंद खोलीत डोकं गरगरतं. रंगीत लेन्स नेत्रतज्ज्ञांना न विचारता घातल्या तर जंतुसंसर्गाने नजरही जाऊ शकते. भाचीच्या फ्रॉकची मागची जाड शिवण मात्र मी उसवायला लावली. जिथे संवेदना नाही, तिथे बसण्याखाली आलेली एखादी कड किंवा बटण काही तासांत दाबव्रण करतं आणि तो भरायला महिने लागतात.

हे सगळं आमच्या हातातलं होतं. पाणी नव्हतं.

मेळाव्याच्या सभागृहात दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह होतं. दारावर चिन्ह, दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे हे शोधण्यात पाऊण तास गेला. उघडलं तर आत बादल्या, पोछे आणि मोडक्या खुर्च्या. भाचीला याची आधीपासून खात्री होती, म्हणून तर पाणी बंद. मणक्याची दुखापत असलेल्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग तसाही लवकर होतो, आणि कमी पाण्याने तो धोका वाढतो. दुखापत वरच्या भागात असेल तर त्याखाली घामही नीट येत नाही, शरीर तापतं. त्यात मुंबईचा उकाडा आणि अंगावर पोशाख.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी राहू नयेत, बंधनकारक असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये बजावलं. कुलपापर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

कॉस्प्लेवाल्यांचा एक शिरस्ता मला फार आवडला. फोटो काढण्यापूर्वी विचारायचं, पोशाखाला हात लावायचा नाही. किकीलाही सगळ्यांनी अदबीने विचारलं. पण त्यांतल्याच दोघांनी न विचारता तिची खुर्ची मागून ढकलली. मदतच करत होते बिचारे! झाडूला हात लावायचा नाही हे कळतं, तर खुर्ची तिच्या शरीराचाच भाग आहे हे का कळू नये? रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लावणाऱ्याबद्दल बोलतच नाही.

पुढच्या मेळाव्याआधी भाचीने आयोजकांना फोन करून एकच प्रश्न विचारला: "किल्ली कोणाकडे असेल?"

"विचारून सांगतो," म्हणाले. त्याला आठवडा झाला. फ्रॉक इस्त्री करून तयार आहे.