अंगठा आणि मत
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'मताधिकार सुशिक्षितांनाच असावा'. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या मित्राने सभागृह अक्षरशः जिंकले. ज्याला आपल्या नावाची अक्षरे लिहिता येत नाहीत, त्याने देशाचे भवितव्य का ठरवावे, असा त्याचा सवाल होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होते.

शनिवारी गावी गेले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आठवडाभर काय काय झाले ते आजीला सांगण्याचा माझा परिपाठ आहे. आजी आजही अंगठाच उमटवते. स्पर्धेची हकीकत तिने निमूटपणे ऐकून घेतली आणि विचारले, "म्हंजी माझं मत जाणार, आन् तुझं ऱ्हाणार व्हय?" मी काहीच बोलले नाही. तशी तीच पुढे म्हणाली, "पोरी, पाच वर्सातनं एकदा का हुईना, पुढारी माझ्या दारात येतो, हात जोडतो. मत न्हाई म्हटल्यावर कशाला ईल त्यो?"

त्या क्षणापासून मी वाजविलेल्या टाळ्या मलाच बोचू लागल्या. आपण ज्याला नवा विचार समजत होतो, तो वस्तुतः किती जुना आहे, हे राज्यशास्त्राची पुस्तके पुन्हा उघडल्यावर ध्यानी आले. 'तुम्ही अजून लायक झालेला नाहीत' हे तर परकीय राज्यकर्त्यांचेच म्हणणे होते! १९३५ च्या कायद्याने प्रांतिक निवडणुकांत मताधिकार दिला, तो मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटी घालून. बहुसंख्य प्रौढ जनता त्या कुंपणाबाहेरच राहिली. इंग्रज गेला, परंतु त्याचा युक्तिवाद मात्र आपल्या सभागृहात टाळ्या घेतो, याला काय म्हणावे?

परसत्तेतून मुक्त झालेला समाज लोकशाहीकडे कसा जातो, हा प्रश्न आशिया आणि आफ्रिकेतील कित्येक देशांपुढे उभा राहिला. त्याची उत्तरे ढोबळमानाने दोन. एक असे की, आधी लोकांना शहाणे करावे, मग अधिकार द्यावा. दुसरे असे की, अधिकार आधी द्यावा. तो वापरता वापरताच माणूस शहाणा होतो. भारताने दुसरी वाट धरली. ही वाट सोपी नव्हती. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशात साक्षर होते अवघे १८ टक्के. अशा देशात एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला एकाच वेळी मत देणे म्हणजे अनेकांना अंधारात मारलेली उडी वाटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केलेली होती.

विशेष म्हणजे राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. परंतु मतदारयाद्यांचे काम १९४८ पासूनच सुरू झाले होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. निर्वासितांचे लोंढे छावण्यांत पडून होते. त्यांनाही, आम्ही येथेच राहणार, एवढ्या लेखी निवेदनावर यादीत घ्यावे असे ठरले. ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते, त्याचे नाव यादीवर चढत होते! नागरिक होणे म्हणजे काय, याचा याहून बोलका धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडेल?

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. मतदार होते सतरा कोटींहून अधिक. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे पेच होता, वाचता न येणाऱ्याने मत द्यावे कसे? त्यावर तोड निघाली ती साधी. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा, खूण करण्याचीसुद्धा गरज नाही. अक्षरशत्रू म्हणून माणसाला दाराबाहेर न काढता, दारच त्याच्या उंचीचे केले.

याच कामात आणखी एक अडचण आली, आणि एक मुलगी म्हणून मला ती फार जवळची वाटते. उत्तरेकडील काही राज्यांत कित्येक स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद झाली. स्वतःच्या नावाशिवाय यादीत स्थान नाही, असा आग्रह आयोगाने धरला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. निर्णय कठोर होता, त्या स्त्रियांचे मत बुडाले, हे नाकारता येत नाही. परंतु पुढील निवडणुकीपर्यंत पुष्कळ स्त्रियांनी नावे नोंदविली. आमच्या आळीत आजीला सारे माझ्या वडिलांची आई म्हणूनच हाक मारतात. तिचे स्वतःचे नाव खणखणीत आवाजात पुकारले जाते ते फक्त मतदानकेंद्रावर.

आता पहिल्या वाटेने गेलेल्याचे काय झाले ते पाहावे. पाकिस्तानला तोच १९३५ चा कायदा, तीच नोकरशाही, तेच न्यायालय वारशात मिळाले. घटना तयार व्हायला १९५६ साल उजाडले, आणि देशव्यापी निवडणूक होण्यापूर्वीच १९५८ मध्ये लष्करी कायदा आला. अयूबखानांचे म्हणणे असे की, पाश्चात्त्य धर्तीची लोकशाही आमच्या लोकांना मानवणारी नाही. त्यांनी 'मूलभूत लोकशाही' काढली. लोकांनी ८०,००० प्रतिनिधी निवडावेत आणि राष्ट्राध्यक्ष त्या प्रतिनिधींनी निवडावा! प्रौढ मताधिकारावर पहिली थेट सार्वत्रिक निवडणूक झाली ती डिसेंबर १९७० मध्ये. पूर्व पाकिस्तानातील अवामी लीगला बहुमत मिळाले, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी तो कौल मानला नाही. १९७१ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले. या दुर्दैवाला लष्कराचे वर्चस्व, जमीनदारी, पूर्व-पश्चिमेचे वैर अशी अनेक कारणे आहेत, हे मान्य. परंतु लोकांचा कौल घेण्याची आणि तो निमूटपणे स्वीकारण्याची सवय जडलेलीच नव्हती, हे कारण त्यात लहान नव्हे.

उलट बोट्सवाना पाहा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता. पदवीधर बोटांवर मोजावेत इतके. तरीही तेथे निवडणुका नियमितपणे होत राहिल्या. एकच पक्ष अठ्ठावन्न वर्षे सत्तेवर होता. २०२४ मध्ये मतदारांनी त्याला खाली उतरविले आणि त्या पक्षाने पराभव शांतपणे मान्य केला. पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरायचे नाही, असे ठरविणारा कधी पोहायला शिकेल काय?

आपल्याकडेही कसोटीचा प्रसंग आला. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली. तेव्हा देशातील बहुसंख्य जनता निरक्षरच होती. परंतु मार्च १९७७ मध्ये त्याच जनतेने सत्ताधारी पक्षाला आणि प्रत्यक्ष पंतप्रधानांना पराभूत केले. त्यावेळी किती विद्वान गप्प बसले होते, हेही आठवावे.

प्रतिपक्ष म्हणेल, मते विकली जातात त्याचे काय? विकली जातात, आमच्या गावीही मी ते पाहिले आहे. परंतु मत विकणारा अडाणी म्हणून त्याचा अधिकार काढायचा, तर विकत घेणाऱ्या शिकलेल्याचे काय काढायचे?

अर्थात मत म्हणजे सर्वस्व नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. तो इशारा आजही जुना झालेला नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत; तरी बाई खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याच्या हाती, हे दृश्य दुर्मीळ नाही. ग्रामसभेत मागे बसलेल्या बायकांना कोणी विचारीत नाही. म्हणजे संक्रमण १९४७ साली संपले नाही, १९५२ सालीही नाही. ते आमच्या गावच्या चावडीत अजून चालू आहे.

मित्रहो, मग आपले शिक्षण कशासाठी? आजीचे मत काढून घेण्यासाठी खचित नाही. अर्ज कसा करावा, यादीत नाव कसे शोधावे, ग्रामसभेत हिशोब कसा मागावा, एवढे जरी आपण घरी नेले तरी फी भरल्याचे सार्थक होईल. आपल्याच वर्गात अठरा वर्षे उलटूनही यादीत नाव नसलेले किती आहेत, ते मोजले तर सुशिक्षितांच्या लायकीविषयीही थोडे बोलावे लागेल.

मी त्यांच्यापैकीच एक होते. त्या रविवारी बसला निघण्यापूर्वी नाव नोंदणीचा अर्ज भरला. कुटुंबातल्या मतदाराचा तपशील लिहायचा होता. तो आजीच्या ओळखपत्रावरून उतरवून घेतला.