तारीख त्यांच्यासाठीही असते

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं आणि आमच्या वारज्यातून जाणारा बंगळूर हायवे पुढे शिरोलीजवळ बंद पडला होता. रस्ता मोकळा होईपर्यंत मदत गोळा करून ठेवावी म्हणून आम्ही माळवाडीतल्या काही जणी सोसायट्यांमधून फिरलो. दोनच दिवसांत एका मैत्रिणीचं पार्किंग भरून गेलं. साड्या, चादरी, बिस्किटं, आणि सगळ्यात जास्त काय, तर नूडल्सची पाकिटं!

(ज्यांच्या घरात गॅस नाही, प्यायला पाणी नाही, त्यांनी नूडल्स शिजवायचे कशात, हा प्रश्न आमच्याही डोक्यात तेव्हा आला नाही, हे आधीच कबूल करते.)

खोकी भरताना एका मैत्रिणीची नववीतली मुलगी पाकिटं उलटी करून बघत होती. म्हणाली, "काकू, ही तर मार्चमध्येच संपलीत." मग आम्ही सगळ्याच चष्मे लावून बसलो. निवडून निवडून एक अख्खी गोणी बाजूला निघाली. काही पाकिटांना डांबरगोळ्यांचा वास, काहींतला मसाला दगडासारखा. आणि मैत्रिणींनो, त्या गोणीत माझ्या घरून आलेली दोन पाकिटं होती! मीच दिली होती, तारीख न बघता. "द्यायचंय ना, मग चालतंय," असंच कुठेतरी मनात असणार.

वेफर्स किंवा बिस्किटं आपण वासावरून ओळखतो. नूडल्स मात्र कोरडे, कडक, म्हणून ते कधी खराब होतच नाहीत असा आपला समज. खरं तर बाजारातले बहुतेक नूडल्स आधी वाफवून मग तेलात तळलेले असतात, बहुधा पामतेलात. तळल्यामुळे पाणी उडून जातं म्हणून ते टिकतात, पण तेल आत राहतंच. दिवाळीची चकली फेब्रुवारीत कशी लागते? तोच प्रकार. तेलाला हवा, उजेड, उष्णता लागली की ते खवट होतं. म्हणून साध्या पाकिटाची मुदत साधारण नऊ महिने असते, काहींची कमी. पाकिटावर छापलेली तारीख खरी, शेजारणीचा अंदाज नाही. आणि ती तारीखही पाकीट नीट ठेवलं तरच खरी. गॅसच्या वरच्या कपाटात एप्रिल-मे काढलेलं पाकीट तारखेच्या आधीच खवटू शकतं. पावसाळ्यात पाकिटाला बारीक भोक पडलं की मसाला ओला होतो आणि रव्यात होतात तसे किडे होतात.

वासाचं तर विचारूच नका. आपल्याकडे किराणा आला की साबण, फिनेल, डांबरगोळ्या आणि नूडल्स एकाच पिशवीत, पुढे एकाच कपाटात. जपानमध्ये ऑक्टोबर २००८ मध्ये एका बाईंना कप नूडल्स खाऊन उलटी झाली, जीभ बधिर झाली. तपासणीत त्या नूडल्समध्ये पॅराडायक्लोरोबेंझिन सापडलं. कपड्यांत ठेवायच्या गोळ्यांमध्ये जे असतं ना, तेच. निसिन या नामांकित कंपनीने सुमारे पाच लाख कप बाजारातून परत मागवले. अशा गोळ्यांजवळ ठेवलं तर त्यांची वाफ वेष्टनातून आत शिरू शकते, हे तेव्हा लोकांना कळलं. आपलं पातळ पाकीट तिथे काय टिकणार? म्हणून माझ्याकडे आता नूडल्स डाळ-तांदळाच्या बाजूला, घट्ट झाकणाच्या डब्यात. नवं पाकीट मागे, जुनं पुढे. उघडलेलं अर्धं पाकीट रबर लावून ठेवायचं नाही, डब्यात टाकायचं आणि आठवड्यात संपवायचं.

तुम्ही म्हणाल, नूडल्सबद्दल एवढी सावधगिरी आम्ही २०१५ मध्ये बघितली आहे. हो, बघितली. जूनमध्ये मॅगीवर देशभर बंदी आली आणि आपण घराघरांतून पाकिटं बाहेर काढली. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीहून २०१४ मध्ये घेतलेल्या नमुन्यात शिसं दर दहा लाख भागांत १७.२ भाग निघालं होतं, परवानगी २.५ ची. पण त्या वादातला एक मुद्दा आपल्यापैकी किती जणींच्या लक्षात राहिला? कंपनीचं म्हणणं होतं की त्या बॅचची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्येच संपली होती. पुढे १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचे आदेश रद्द केले, नव्याने तपासण्या करायला लावल्या, आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं परत दुकानात आली. शिशाची चर्चा आपण महिनाभर केली, तारीख बघायची सवय मात्र एकीलाही लागली नाही.

एक फरक समजून घ्या. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव-दर्जा उत्तम. 'यूज बाय' किंवा एक्स्पायरी म्हणजे त्यानंतर खायचं नाही, विकायचं तर नाहीच. २०२० च्या लेबलच्या नियमांत ही दुसरी तारीख छापणं सक्तीचं केलं आहे. तारखेनंतर चार दिवसांनी खाल्लं म्हणून कोणी लगेच आजारी पडेल असं मी म्हणत नाही. पण मग ते आपल्या मुलाच्या ताटलीत वाढावं ना. ते आपण वाढत नाही, मोलकरणीच्या पिशवीत टाकतो. तेही वर उपकार केल्याच्या आवाजात!

रामनगरमधल्या आमच्या बचतगटातली एक बाई चार घरची धुणीभांडी करते. मी तिला एकदा विचारलं, "अगं, मिळालेल्या पाकिटांवरची तारीख बघतेस का?" ती हसली. "ताई, मला वाचता येतं की. पण घेतलं नाही तर वहिनींना वाटंल, माजली. मग घेते आन् कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकते. पोराला दिसू नये म्हणून पदराखालून नेते."

त्यानंतर आम्ही नियम केला. गोळा करायला बसलो की देणारीच्या समोरच पाकीट उलटं करायचं, तारीख मोठ्याने वाचायची. गेल्या दिवाळीच्या फराळवाटपाला आमच्या जवळच्याच एका सोसायटीतल्या बाई भली मोठी पिशवी घेऊन आल्या. नऊ पाकिटं, सगळी जुलैत संपलेली. मी वाचून दाखवली. त्यांचा चेहरा उतरला, पिशवी उचलून गेल्या. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये भेटल्या तरी मोबाइलमध्ये बघतात, आणि मंडळाची वर्गणीही यंदा आली नाही. त्याआधी दर वर्षी पाचशे एक रुपये द्यायच्या.