जांभळाचा मध आणि मधुमेहाचे गणित

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त मुख्याध्यापक सूनबाईंसह दवाखान्यात आले. गेली अनेक वर्षे मधुमेह, पण शिस्तीमुळे तो आटोक्यात असे. या वेळी मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ७.२ वरून ८.६ वर गेली होती. गोळ्या चुकल्या नव्हत्या, फिरणे सुटले नव्हते. मी औषध वाढवण्यासाठी लेखणी उचलली, तेवढ्यात सूनबाई सहज म्हणाल्या, ‘‘बाबांनी चहातली साखर तर पूर्ण बंद केली आहे. फक्त मध घेतात, तोही जांभळाचा.’’ सरांनी लगेच पुस्ती जोडली, ‘‘डॉक्टर, जांभूळ मधुमेहाला चांगले. म्हणून मुद्दाम महाबळेश्वरहून मागवतो. अगदी शुद्ध आहे.’’

वाचकहो, चूक सरांची नव्हती, माझी होती. ‘साखर बंद’ असे मी कागदावर लिहिले होते. तिच्या जागी काय घेता, हे विचारायचे राहून गेले होते. म्हणून आज मधाविषयी दोन प्रश्न आपण नीट समजून घेऊ. मधात असते काय? आणि तो अमुक फुलाचा आहे, हे ठरते कसे?

मधाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० ग्रॅम शर्करा असते. त्यात फ्रुक्टोज म्हणजे फलशर्करा सुमारे ३८ ग्रॅम आणि ग्लुकोज सुमारे ३१ ग्रॅम. उरलेली माल्टोज, सुक्रोज इत्यादी. पाणी १७-१८ ग्रॅम. आम्ले, खनिजे, प्रथिने, रंगद्रव्ये आणि सुगंधी द्रव्ये या साऱ्यांचा वाटा मिळून जेमतेम एक-दोन ग्रॅम. फुलातील मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. माशी त्यात आपली पाचके मिसळते, त्यामुळे सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. मग पंखांच्या वाऱ्याने पाणी उडवून तो घट्ट केला जातो. पाणी कमी, शर्करा अधिक आणि आम्लता पुरेशी, म्हणून मध सहसा नासत नाही.

आता फुलाकडे वळू. मकरंद गोळा करताना माशीबरोबर त्या फुलाचे परागकण येतात आणि मधात उतरतात. प्रयोगशाळेत मध पाण्यात विरघळवून यंत्रात फिरवतात, तळाशी बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. प्रत्येक वनस्पतीच्या परागाचा आकार व नक्षी वेगळी, त्यामुळे तो ओळखू येतो. सर्वसाधारणपणे एकाच वनस्पतीचे पराग ४५ टक्के वा अधिक आढळले, तर तो मध त्या फुलाचा म्हणण्याचा प्रघात आहे. जोडीला रंग, गंध, विद्युतवाहकता आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचे प्रमाणही पाहतात. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माश्यांचा मध जांभूळ, गेळा, हिरडा अशा झाडांवरून येतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी तिचाही मध मिळतो.

येथेच सरांचा घोटाळा झाला. मधुमेहासाठी घरोघरी घेतात ती जांभळाच्या बीची पूड. फुलातील मकरंद ही निराळी वस्तू; तो मुळात साखरेचे पाणीच. फूल मधाला नाव देते, रंग देते, गंध देते. त्यातली शर्करा मात्र कोणत्याही फुलाने पुसली जात नाही. आता हिशेब करा. चहाचा एक चमचा मध सुमारे सात ग्रॅम भरतो, त्यात शर्करा साडेपाच ग्रॅम. तोच सपाट चमचा साखरेचा घेतला, तर चारच ग्रॅम. सर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेत, म्हणजे दिवसाला बावीस ग्रॅम शर्करा. बंद केलेल्या साखरेहून ही अधिक होती!

‘पण शुद्ध आहे ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पेल्यातील पाण्यात मध टाकून पाहणे, काडी बुडवून पेटवणे, कागदावर थेंब ठेवणे या घरगुती परीक्षांनी केवळ त्याचा घट्टपणा आणि ओलावा कळतो. साखरेचा दाट पाकही पेल्याच्या तळाशी तसाच बसेल. थंडीत मध गोठला म्हणजे त्यात साखर घातली, हाही गैरसमज. ग्लुकोज कमी विरघळते, म्हणून ते कणरूपाने खाली बसते. मोहरीचा मध तर लवकरच गोठतो. बरणी कोमट पाण्यात ठेवावी, मध पुन्हा पातळ होतो. ऊस किंवा मक्याची साखर मिसळली असेल, तर कार्बनच्या समस्थानिकांवरून प्रयोगशाळेत ती सापडते. तांदळापासून केलेला पाक या तपासणीतून निसटू शकतो, त्यासाठी एनएमआरसारखी महागडी यंत्रे लागतात. हे काम आपल्या स्वयंपाकघराचे नव्हे. आपण बाटलीवरील अन्न परवाना क्रमांक व तारीख पाहावी आणि विश्वासाच्या ठिकाणाहून घ्यावा. मध फार तापवला किंवा उष्ण जागी दीर्घकाळ ठेवला, तर त्यात एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते आणि पाचके कमी होतात. म्हणून तो उकळत्या पेयात घालू नये.

घरात वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी काही सूचना:

मधुमेह असेल, तर मध हा साखरेतच मोजावा. घ्यायचाच असल्यास किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. औषधाबरोबर चाटण म्हणून घेतलेला चमचाही त्या हिशेबात धरावा.

रक्तातील साखर अचानक उतरून घाम, थरथर सुटली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर एक मोठा चमचा मध उपयोगी पडतो. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आजी-आजोबांना हात जोडून विनंती: एक वर्षाखालील नातवंडाला मध चाटवू नका, गुटीतूनही नको. मधात कधी कधी बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ती वाढून विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होते, दूध ओढवत नाही, रडणे क्षीण होते, अंग सैल पडते. घरी मध गरम केल्याने ही बीजे मरत नाहीत आणि मध कितीही शुद्ध असला, तरी हा धोका उरतोच.

सरांचे औषध मी त्या दिवशी वाढवले नाही. चहातला मध थांबवला. तीन महिन्यांनी आकडा ७.४ वर आला. बाटली अजून घरी आहे. सणावारी अर्धा चमचा घेतात आणि तो वहीत लिहून ठेवतात. मीही तेव्हापासून प्रत्येक मधुमेही रुग्णाला एक प्रश्न न चुकता विचारतो: साखर सोडलीत, तिच्या जागी काय घेता? आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आज तो आपणही विचारावा.