‘शोध’ या शब्दाविषयीं

कोलंबसानें 1492 सालीं अमेरिकेचा शोध लावला, राँटगेन यानें 1895 सालीं क्ष-किरणांचा शोध लावला, आणि जेम्स वॅट यानें वाफेच्या यंत्राचा शोध लावला, अशीं तीन वाक्यें आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत एका रांगेंत बसलेलीं आढळतात. व्याकरणदृष्ट्या तीं निर्दोष आहेत. तथापि ‘शोध’ हा शब्द तिन्हीं ठिकाणीं एकच काम करीत नाहीं. या गोष्टीकडे विद्यार्थ्यांचें व त्यांच्या वडील मंडळींचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें.

अमेरिका जागच्या जागीं होतीच. तेथें माणसेंही नांदत होतीं, आणि आपला कोणी ‘शोध’ लावला हें ऐकून त्यांस नवल वाटलें असतें. क्ष-किरणही राँटगेनच्या पूर्वीं सृष्टींत होतेच. जें होतें तें माणसास कळलें, म्हणून तेथें हा शब्द शोभतो. वाफेचें यंत्र मात्र कोठें दडून बसलें नव्हतें. तें घडवावें लागलें. त्यांतही मौज अशी कीं, तें प्रथम वॅटनें घडविलेंच नाहीं. लोखंडी सामानाचा व्यापार करणाऱ्या न्यूकोमेनचें यंत्र 1712 पासून इंग्लंडांतील खाणींचें पाणी उपशीत होतें. परंतु त्यांत दर खेपेस तेंच नळकांडें थंड करून पुन्हा तापवावें लागे, आणि त्यापायीं कोळसा अतोनात जळे. वाफ निराळ्या पात्रांत नेऊन थंड करावी, म्हणजे मुख्य नळकांडें सदा तापलेलें राहील, ही वॅटची युक्ति. तिचें पेटंट त्यास 1769 सालीं मिळालें. ‘वाफेच्या यंत्राचा शोध’ असें म्हटलें कीं न्यूकोमेन पुसला जातो, आणि वॅटची खरी करामतही झांकली जाते.

संस्कृत ‘शुध्’ धातूचा अर्थ शुद्ध होणें असा आहे; वैद्य औषधी द्रव्यांचें शोधन करितात तें याच अर्थानें. मराठींत शोध म्हणजे धुंडणें झालें, आणि पुढें सांपडणें व घडविणें हीं दोन्ही ओझीं आपण त्याच्याच पाठीवर लादलीं. हिंदींत यंत्राच्या बाबतींत ‘आविष्कार’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द कवि व कलावंत यांच्या वांट्यास गेला.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्यानें निसर्गांतील वस्तूचा किंवा शास्त्रीय तत्त्वाचा नुसता शोध पेटंटास अपात्र ठरविला आहे. जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट अमेरिकेंत 1995 सालीं मिसिसिपी विद्यापीठास मिळालें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें हरकत घेतली व 1997 सालीं तें रद्द झालें. हळद आपली म्हणून नव्हे, तर हा उपाय पूर्वींच लिहून ठेवलेला होता हें दाखवितां आलें म्हणून. ‘हें सर्व आमच्याकडे होतेंच’ असें उठतां बसतां म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. तेथें अभिमान पुरला नसता, लेखी पुरावा लागला.

आम्हांस याहून अधिक खटकतें तें घरांतील व वर्गांतील बोलणें. गवयानें बैठकींत नवी जागा घेतली कीं आपण ‘काय उपज आहे!’ म्हणून मान डोलवितों. मुलानें भागाकाराची स्वतःची रीत काढली कीं ‘जास्त अक्कल चालवूं नकोस’ म्हणून तीवर फुली मारितों. ती रीत बरोबर आहे कीं चूक, हें पाहण्याचेंही श्रम घेत नाहीं. ‘स्वकपोलकल्पित’ या शब्दाचें काय झालें पहा! स्वतः कल्पिलेलें तें खोटेंच, असा त्याचा अर्थ आपण करून ठेविला आहे. उलट बाजारांतून आणलेले सुटे भाग जोडून त्यांवर ‘नवीन शोध’ अशी चिठ्ठी डकविली कीं प्रदर्शनांत टाळ्या पडतात.

आमची सूचना साधी आहे. पुढील प्रदर्शनांत त्या चिठ्ठीऐवजीं प्रत्येकानें दोन ओळी लिहाव्या: हें काम पूर्वीं कसें करीत, आणि मीं त्यांत काय बदललें. वडीलधाऱ्यांनीं ओळी सांगूं नयेत, फक्त वाचाव्या. दुसरी ओळ कोरी राहिली तर त्या वस्तूस ‘नमुना’ म्हणावें; तोही चांगला शब्द आहे.