वाट कोणाची, रेघ कोणाची?

पिशोरच्या शिवारात, डांबरी सडकेपासून दोन-अडीच किलोमीटर आत, आमच्या एका विद्यार्थ्याची वस्ती आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या आजीला साप चावला. रुग्णवाहिका बोलावली, ती आलीही. पण सडकेवर येऊन उभी राहिली. चालकाच्या फोनमधला नकाशा तेथे संपत होता. ‘लिंबाच्या झाडापासून डावीकडे वळा, मग लवणातून वर या’ एवढे सांगणे गावच्या माणसाला दिवसा पुरते. परगावच्या माणसाला अंधारात आणि पावसात त्याचा काय उपयोग? अखेर एक मुलगा मोटारसायकल घेऊन सडकेवर गेला आणि गाडीला वाट दाखवत घेऊन आला. आजी वाचल्या. पुढल्या आठवड्यात त्या पाऊण तासाची हकिगत विद्यार्थ्याने वर्गात सांगितली, आणि आम्ही जरा ओशाळलो. कारण त्या तासाला आम्ही शिकवत होतो ‘स्थानपोथी’.

महानुभाव पंथातील हा चौदाव्या शतकाच्या सुमाराचा गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी जेथे जेथे उतरले, बसले, जेवले, निजले त्या स्थानांची ही नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, नदी कोणत्या अंगाला, असा तपशील त्यात येतो. हेतू एवढाच, की पुढे येणाऱ्या भक्ताला ते स्थान सापडावे. ज्यांनी हे लिहिले ते वाट तुडवत गेले, गावकऱ्यांना विचारत गेले आणि ऐकलेले प्रत्यक्षाशी ताडून पाहत गेले. हा ग्रंथ आम्ही वर्षानुवर्षे भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणून शिकवतो. आपल्या शिवाराची अशी पोथी आपणच करावी, हे मात्र आम्हांला सुचले नव्हते. ते त्या विद्यार्थ्याने सुचवले. त्याच्या फोनमध्ये चाललेली वाट नोंदवणारे उपयोजन होते.

ही सोय सर्वांना मिळाली त्याला फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक मे २०००मध्ये काढून टाकली, आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारे स्थान दहा-वीस मीटरांत आले. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट याने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. लोकांनी हातात जीपीएस यंत्र घेऊन हिंडावे, नोंदवलेल्या वाटा एकत्र कराव्यात आणि त्यांतून कोणालाही वापरता येईल असा नकाशा घडावा, ही त्यामागची कल्पना. मे २००६मध्ये तेथील स्वयंसेवकांनी एकत्र जमून आइल ऑफ वाइट हे बेट असे पालथे घातले. आज त्या यंत्राचे काम खिशातला फोन करतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की तो आपले अक्षांश-रेखांश ठरवतो आणि ठरावीक अंतराने वेळेसह एकेक बिंदू टिपत जातो. घरी येऊन ती फाइल उघडली, की पडद्यावर आपल्याच पायांची रेघ उमटलेली दिसते.

पहिल्या रविवारी ती रेघ पाहून आम्हां सर्वांना लहान मुलांसारखा आनंद झाला. दुसऱ्या रविवारी तीच वाट चाललो, तेव्हा रेघ पहिलीवर बसेना. उघड्या माळावर चार-पाच मीटरांचा फरक, आणि ओढ्याकाठच्या दाट झाडीत त्याहून अधिक. म्हणून एकच वाट तीन-चारदा चालायची आणि सर्व रेघांच्या मधून एक रेघ काढायची, हे शिकलो. जेथे आपण थांबतो तेथे बिंदूंचा गुंता होतो, हेही कळले. आमच्या तिसऱ्या फेरीच्या फाइलमध्ये असा एक मोठा गुंता आहे. तेथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हांला अडवले होते.

“सर, ही रेघ जाणार कुठं?” त्यांनी विचारले. आम्ही उत्साहाने समजावून सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “माझ्या बांधावरून लोक जातेत, ते मी जाऊ देतो म्हणून. उद्या कोणी तुमचा कागद पुढं करून म्हणलं, हितं रस्ताच हाये, तर मी काय करू?”

आमच्यापैकी कोणापाशीही याचे उत्तर नव्हते. अडचण अशी, की वस्तीवर जाणारी गाडीवाट लवणातून जाते आणि मोठ्या पावसात तेथे पाणी चढते. तेव्हा उरते ती बाबांच्या बांधाकडेची वाट. आजींसाठी गाडी त्या रात्री तेथूनच आली होती.

बाबांची भीती अनाठायी नव्हती. शेतरस्त्याचे भांडण काय असते हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ अन्वये दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदारांकडे दाद मागता येते. असलेली वाट कोणी अडवली, तर १९०६चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, व त्या रेषेवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. बांध हातभर रुंदीचा आणि आमच्या रेघेची चूक चार-पाच मीटरांची. एवढ्या चुकीत दोन भावांची शेते इकडची तिकडे होतील. अशा रेघेने हद्द ठरत नाही, मालकी तर नाहीच नाही. ती सांगते ते एवढेच, की अमुक दिवशी येथून माणसे चालली. पण छापील कागदाचा खेड्यात जो दरारा आहे, तो त्या कागदाच्या मर्यादा विचारात घेत नाही.

येथे आमच्यात दोन तट पडले. काहींचे म्हणणे, वाट लोक वापरतात तर ती दाखवावी. माणसाचा जीव बांधापेक्षा मोठा. इतरांचे म्हणणे, ज्याची जमीन त्याने नको म्हटल्यावर आपण कोण? दोन्ही बाजू आम्हांला आजही खऱ्या वाटतात. सुटका झाली ती एका शब्दाने. ओपनस्ट्रीटमॅपवर वाट नोंदवताना ती कोणत्या अधिकाराने खुली आहे, हेही नोंदवता येते. हक्काची वाट वेगळी, आणि मालकाच्या परवानगीने, त्याची मर्जी असेतोवर खुली असलेली वाट वेगळी. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही ‘मुभेची वाट’ म्हणू लागलो. महिन्याभराने बाबांना हा फरक सांगितला. बराच वेळ विचार करून त्यांनी पायी जाणाऱ्यांना आणि आजाऱ्याच्या गाडीला हो म्हटले, ट्रॅक्टरला नाही. त्यांनी सांगितले तसेच आम्ही मराठीत नोंदवले. त्यांनी मुभा काढून घेतली तर ती वाट आम्हांला पुसावी लागेल, हेही कबूल केले.

या प्रसंगानंतर ‘आपला नकाशा’ या शब्दांचा अर्थ आमच्यासाठी बदलला. राज्यकर्त्यांचा नकाशा राज्यकर्त्यांना जेथे जायचे तेथल्या वाटा दाखवतो. आमच्याच कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याच्या परिसरात फारसीत कोरलेला, निजामशाही काळातला दिशादर्शक दगडी स्तंभ आहे. कोणत्या दिशेला कोणते ठाणे, हे तो सांगतो. शिवारातल्या वस्तीशी त्याला कर्तव्य नव्हते. १८०२मध्ये सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्बटन याने आयुष्य वेचले आणि १८२३ साली हिंगणघाटला तो वारला. त्याची अचूकता थक्क करणारी होती, पण ते मोजमाप कंपनी सरकारसाठी होते. स्वतंत्र भारतातही नकाशा ही सरकारी मिरासच राहिली. २०१६च्या भूस्थानिक माहितीविषयीच्या विधेयकाच्या मसुद्यात तर विनापरवाना नकाशे करणाऱ्याला शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. तो मसुदा कायदा झाला नाही, आणि फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची अट बहुतांशी काढून टाकली. आता सरकारच्या जोडीला फोनमधले नकाशे करणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या आहेत. पण शिवारातल्या म्हाताऱ्याने वाटेत उभे राहून ‘ही रेघ जाणार कुठं?’ असे त्यांना विचारायचे म्हटले, तर ते कोणाला विचारणार? आम्हांला ते विचारता आले, कारण आम्ही तेथे चालत होतो आणि पुन्हा येणार होतो.

राहिला नावांचा प्रश्न, आणि तो तर सर्वस्वी आमच्या विषयाचा. यंत्राने टिपलेल्या फाइलीत हजारो बिंदू असतात, पण त्यांत नाव एकही नसते. ‘स्थानपोथी’त याच्या उलट आहे. तेथे अक्षांश नाहीत, पण नावे आणि खुणा आहेत, म्हणूनच इतक्या शतकांनंतरही अभ्यासकांना त्यांतली स्थाने शोधता येतात. आमच्या शिवारात प्रत्येक वळणाला, ओहोळाला, बरड तुकड्याला नाव आहे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. बोलण्यात मात्र चिंचेचे वावर, लवणातले वावर, माळावरचे वावर असते. ही नावे साठीच्या पुढच्या माणसांना, विशेषतः बायकांना, तोंडपाठ आहेत. विहीर बुजली, चिंच तोडली, वाटणी झाली, की नाव सुटते. पुढे कोणी नकाशात नाव घालायला बसला, तर त्याला विचारायला माणूस सापडणार नाही. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही एक नियम घातला आहे. आधी नाव विचारायचे, ते कोणी आणि कसे उच्चारले हे वहीत लिहायचे, आणि मग फोन सुरू करायचा. सांगणाऱ्याचे नाव वहीतच राहते, नकाशावर जात नाही.

मराठीच्या प्राध्यापकांनी हे उद्योग कशाला करावेत, असे आमच्या काही मित्रांनी विचारले आहे. आमचे म्हणणे असे, की भूगोलाच्या शिक्षकांनी अवश्य करावेत, पण मराठीच्या शिक्षकाने टाळू नयेत. ‘हक्काची’ आणि ‘मुभेची’ यांतला फरक त्या वाटेवर महत्त्वाचा ठरला, आणि असे फरक ओळखून त्यांना शब्द देणे हेच तर आमचे काम. शिवाय गावोगावच्या महाविद्यालयांत दर वर्षी नवी मुले येतात, आणि ती शिवारातूनच येतात. चालणारे पाय आणि विचारण्याजोगी आजी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणापाशी आहे?

एक मात्र खरे, की हे काम एकदा करून संपत नाही. नकाशावर काढलेली वाट दर पावसाळ्यानंतर पुन्हा चालून पाहावी लागते. ओढा पात्र बदलतो, कोणी बांध नांगरतो, कोणाचे मन बदलते. ज्याला हे जमणार नसेल त्याने ती वाट नकाशावर घालूच नये, असे आमचे आता मत झाले आहे. आहे म्हणून दाखवलेली पण नसलेली वाट अंधारात नकाशा नसण्यापेक्षा वाईट. यंदाही पाऊस उघडला, की आम्ही त्या वस्तीपर्यंत चालत जाणार आहोत, आणि जाताना बाबांच्या बांधावर थांबून त्यांना पुन्हा विचारणार आहोत.