द्रोणाचार्यांची नोकरी

'कोच' या शब्दाचा प्रवास गमतीचा आहे. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात बनणाऱ्या घोडागाडीवरून तो इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पैलतीरी पोहोचवणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने हे नाव दिले आणि तेथून ते क्रीडांगणावर गेले. मराठीत आगगाडीचा डबाही कोच आणि खेळाडूंना घडवणाराही कोचच. डब्याला निदान रूळ असतात. आमच्या महाविद्यालयांतील बास्केटबॉलच्या प्रशिक्षकापुढे कोणती वाट आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो.

अमेरिकेत ही वाट आखलेली आहे. खेळाडू, मग सहायक, मग मुख्य प्रशिक्षक. मोठ्या विद्यापीठांत त्याचे वेतन कुलगुरूंच्याही वर जाते, आणि दोन-तीन मोसम हरला की त्याला निरोप मिळतो. या व्यवस्थेचा आरंभ मात्र वेगळा होता. 1891 साली स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले, ते शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून. संघ त्यांनी सांभाळला. 55 सामने जिंकले, 60 हरले. खेळाचा जनक हाच त्या विद्यापीठाचा जयापेक्षा पराजय अधिक असलेला एकमेव प्रशिक्षक ठरला. त्यांचा शिष्य फॉग अॅलन याने प्रशिक्षकपणाला व्यवसायाचे रूप दिले आणि 1927 मध्ये प्रशिक्षकांची संघटनाही उभी केली. आज तेथील क्रीडागृहाला नाव शिष्याचे आहे, आतल्या मैदानाला गुरूचे. शिक्षक आणि प्रशिक्षक यांच्यातला ताण एकाच वास्तूत असा नोंदला गेला आहे.

आपल्याकडे हा ताण निर्माणच होत नाही, कारण महाविद्यालयात बास्केटबॉल प्रशिक्षक असे स्वतंत्र पदच सहसा नसते. असतो तो शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघ त्या एकाच्या गळ्यात. पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट ही तेथे शिरण्याची सर्वसाधारण वाट. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका त्यासाठी पुरत नाही. परिणामी खेळ खोलवर जाणणारा माणूस संध्याकाळी मानधनावर येतो, मोसम संपला की जातो. त्याची ना सेवापुस्तिका, ना बढती.

नाशिकपुरते बोलायचे तर या जिल्ह्याने दुसरे उदाहरणही पाहिले आहे. सावरपाड्याच्या आदिवासी वस्तीतून आलेल्या कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तिला घडवणारे विजेंदर सिंग हे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक. मोनिका आथरे, संजीवनी जाधव याही त्यांच्याच हाताखालच्या. एकच खेळ, एकच गाव आणि वर्षानुवर्षे तोच माणूस, असे घडले म्हणून एकीमागून दुसरी आणि तिसरी धावपटू उभी राहिली. हे सातत्य त्यांना शक्य झाले, कारण त्यांची नेमणूक प्रशिक्षक म्हणूनच होती. धावण्याला जे मिळाले ते बास्केटबॉलला का मिळू नये? त्या खेळाला तर पाच जणांची एकमेकांशी जुळलेली लय लागते आणि ती एका मोसमात बसत नाही.

येथे साहित्याचाही थोडा दोष आहे, असे आमचे मत आहे. कुस्तीच्या वस्तादाला मराठीत चेहरा आहे. महाविद्यालयातल्या 'पीटीच्या सरां'च्या वाट्याला बहुधा शिट्टी आणि विनोद एवढेच आले. उरतो तो महाभारतातला द्रोण. 1985 पासून देशातला सर्वोच्च प्रशिक्षक-सन्मान त्याच्याच नावाने दिला जातो. ज्याला शिकवले नाही त्याचा अंगठा मागणारा हा गुरू आदिवासी मुलांच्या जिल्ह्यात आदर्श म्हणून मिरवावा, ही विसंगती आम्हांस बोचते. पण द्रोणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. पोराला दूध मिळेना म्हणून तो राजाश्रयाला गेला होता. एका घराण्याचा पगारी नोकर झाल्यावर कोणाला शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्यापाशी कितीसा उरला असेल? ज्याची उपजीविकाच अस्थिर, त्याच्याकडून निःस्पृह गुरुत्वाची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. महाविद्यालयांनी एकेकट्याने नव्हे, तर शहरातल्या चार-पाच जणींनी मिळून एका खेळाचा एक पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावा. त्याची पारख चषकांच्या संख्येवर किंवा प्रमाणपत्रांच्या जाडीवर न करता, तीन वर्षांत किती मुलेमुली मैदानावर टिकली आणि किती पुढच्या स्तरावर गेली, यावर करावी. अमेरिकेतला बाजार आपल्याला नको, हे मान्य. परंतु बाजाराला नकार देऊन आपण त्याच्या जागी मानधनाचे तुटपुंजे पाकीट ठेवले आहे, हे साहित्याच्या प्राध्यापकांनी तरी ओळखायला हवे. तासिका तत्त्वावर कविता शिकवणारे कितीतरी सहकारी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असतात.